धन्याचा हा माल

तुकारामांच्या गाथेत एक छोटासा अभंग आहे. त्याचा सूर संतापाचा आहे.

सालोमालो हरिचे दास । म्हणउनि केला अवघा नास ॥
अवघें बचमंगळ केलें । म्हणती एकाचें आपुलें ॥
मोडूनि संतांचीं वचनें । करिती आपणां भूषणें ॥

सालोमालो हा तुकोबांच्या काळातला हरिदास. परंपरा सांगते की तो तुकोबांचे अभंग उचलायचा, शेवटच्या चरणातली ‘तुका म्हणे’ ही मुद्रा काढून तिथे आपलं नाव बसवायचा आणि कीर्तनात खुशाल गायचा. मराठीत वाङ्मयचौर्याबद्दल खुद्द चोरी झालेल्या कवीने केलेली इतकी जुनी, इतकी थेट तक्रार दुसरी कुठे माझ्या वाचनात नाही. साडेतीनशेहून अधिक वर्षं झाली, पण ‘म्हणती एकाचें आपुलें’ हे तीन शब्द आजच्या कुठल्याही लेखकाच्या तोंडी शोभतील.

पण ह्याच गाथेत हेच तुकोबा दुसरीकडे म्हणतात, ‘संतांचीं उच्छिष्टें बोलतों उत्तरें । काय म्यां गव्हारें जाणावें हें’. आणखी एके ठिकाणी तर सगळा हक्कच सोडून देतात: ‘फोडिलें भांडार धन्याचा हा माल । मी तंव हमाल भारवाही’.

माल धन्याचा आणि आपण फक्त वाहणारे हमाल, असं मनापासून मानणाऱ्या माणसाने दुसऱ्या हमालावर एवढं का चिडावं? सालोमालोने नेमकं चोरलं तरी काय? प्रभाव कुठे संपतो आणि चोरी कुठे सुरू होते, ह्या प्रश्नाभोवती मी अनेक वर्षं फिरते आहे, आणि माझ्यासाठी सगळ्याचं मूळ ह्या दोन अभंगांतल्या विसंगतीत आहे.

मला उमगलेलं उत्तर असं. तुकोबांच्या अभंगातून मागे जायला वाट आहे. ‘नामदेवें केलें स्वप्नामाजी जागें’ असं ते स्वतः सांगतात. आपल्याला कविता करायला कुणी लावलं, कुणाच्या वाणीवर आपली वाणी पोसली, हे त्यांनी लपवलेलं नाही. ऐकणारा ‘तुका म्हणे’पाशी पोहोचतो, तिथून नामदेवांकडे जातो, ज्ञानदेवांकडे जातो. सालोमालोच्या कीर्तनात ती वाट त्याच्यापाशीच संपते. मागचं दार त्याने बंद करून घेतलेलं असतं. आणि ‘मोडूनि’ हा शब्द पाहा. उचलेगिरी लपवायची तर मूळ वचन मोडावंच लागतं. निदान मुद्रा काढावी लागते, मुद्रा काढली की चरणाची मात्रा बिघडते, ती सावरायला आणखी दोन शब्द इकडचे तिकडे करावे लागतात. तुकोबांना स्वतःचं नाव गेल्याचं दुःख किती झालं असेल ते असो, पण वचन मोडल्याचं दुःख त्या अभंगात स्पष्ट ऐकू येतं.

ज्ञानदेवांचंही असंच. गीतेच्या सातशे श्लोकांवर नऊ हजारांच्या आसपास ओव्या लिहून झाल्यावर, शेवटच्या अध्यायात ते म्हणतात, ‘तैसा व्यासाचा मागोवा घेतु । भाष्यकारांतें वाट पुसतु’. व्यासांच्या पाउलखुणा बघत आणि भाष्यकारांना वाट विचारत मी चाललो आहे. मराठीतला एवढा मोठा स्वतंत्र प्रतिभेचा ग्रंथ, आणि त्याचा कर्ता सांगतो की मी विचारत विचारत आलो. ह्या कबुलीने ज्ञानेश्वरी एका ओवीनेही लहान झाली नाही.

मी एका दिवाळी अंकासाठी आलेल्या कथा वाचते. उन्हाळा संपता संपता संहिता येऊ लागतात आणि गणपतीपर्यंत टेबल भरून जातं. काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या एका शिक्षिकेची कथा आली. तरुण मुलगी, पहिलीच कथा असावी. लहान गावातली नवी नवरी नातेवाइकांच्या लग्नासाठी शेजारणीचा राणीहार मागून नेते, तो हरवतो. नवरा-बायको गुपचूप कर्ज काढून तसाच हार घेऊन देतात, आणि ते कर्ज फेडायला ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे घ्यायचे, दोघांचा मिळून एक कोयता, कारखान्याजवळच्या पालांत हंगाम काढायचा, हंगाम संपला तरी उचल फिटायची नाही, म्हणून पुढच्या हंगामाची उचल घ्यायची. अशी वर्षं जातात. शेवटी कळतं, शेजारणीचा हार खोटाच होता.

गी द मोपासाँ ह्या फ्रेंच लेखकाची 1884 सालची ‘नेकलेस’ ही कथा. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत असलेली.

मी फोन केला. तिने काही नाकारलं नाही. कॉलेजात इंग्रजीच्या पुस्तकात वाचली होती म्हणाली, मनातून गेलीच नाही.

“पण ताई, नावं बदललीत, गाव बदललंय, धंदा बदललाय. मग त्यांचं उरलं काय?”

“हार खोटा निघतो ते.”

ती जरा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “तुम्ही म्हणता तसं ‘आधारित’ लिहिलं ना, तर लोक म्हणणार, मग हिचं काय आहे यात?”

हे ऐकून मला तिचा राग आला नाही, वाईट वाटलं. कारण त्या कथेत सगळ्यात अस्सल जे होतं, ते तिचं होतं. उचलीचा हिशेब. मुकादमाच्या वहीतल्या नोंदी, दवाखान्यासाठी मध्येच घेतलेले पैसे, पाऊस पडून तोड थांबली त्या दिवसांचं काय झालं, गरोदर बाई मोळी कशी उचलते. हे मोपासाँकडे नव्हतं, असणं शक्यच नव्हतं. त्याच्या पॅरिसमधल्या कारकुनाच्या बायकोला कष्ट पडतात, पण तिचं कर्ज फिटतं. हिच्या कथेत कर्ज फिटणं हीच अशक्य गोष्ट होती. वाचकाला मूळ कथा माहीत असेल तर हा फरक त्याच्या अंगावर येईल. मूळ लपवलं, तर त्याला फक्त एक जुनी कलाटणी आठवेल आणि तो म्हणेल, हे कुठेतरी वाचलंय. ती जे झाकत होती, त्याच झाकणाखाली तिचं स्वतःचं सगळं दबून गेलं होतं.

तिला मी देवलांबद्दल सांगितलं.

गोविंद बल्लाळ देवल. ‘संशयकल्लोळ’ आजही रंगतं. त्याचं मूळ आर्थर मर्फी ह्या लेखकाच्या 1761 मधल्या इंग्रजी प्रहसनात, आणि मर्फीने ते घेतलं मोलिएरच्या 1660 मधल्या फ्रेंच प्रहसनातून. संशयी नवरा, संशयी बायको, रस्त्यात घेरी येऊन पडलेली तरुणी, तिच्या हातातून निसटलेली तसबीर, ती भलत्याच्या हाती लागणं, हे सगळं तिकडून आलंय. देवलांनी आधी त्याचं गद्य नाटक केलं, 1893 मध्ये ‘फाल्गुनराव’ नावाने, आणि पुढे त्यात पदं घालून 1916 चं संगीत नाटक झालं. आता त्यांनी घातलेलं बघा. पात्रांची नावं महिने आणि नक्षत्रांवरून: फाल्गुनराव, अश्विनशेट, वैशाखशेट, भादव्या, कृत्तिका, रेवती. मर्फीच्या नाटकातली प्रेयसी कुलीन घरातली आहे. देवलांची रेवती नायकिणीची मुलगी आहे आणि अश्विनशेटला तिच्याशी लग्न करायचं आहे. ह्या एका बदलाने प्रहसनाच्या पोटात आपल्या समाजाचा एक जिवंत प्रश्न येऊन बसला. प्रतिष्ठित माणूस नायकिणीच्या मुलीवर संशय घेतो तेव्हा त्या संशयाला इथे जे वजन येतं, ते लंडनच्या दिवाणखान्यात येणार नाही. देवलांचं ऋण सगळ्यांना ठाऊक आहे, आणि म्हणूनच त्यांचं कर्तृत्वही ठाऊक आहे.

त्याच्याही आधी, 1880 च्या ऑक्टोबरअखेर पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ उभं राहिलं ते कालिदासाच्या खांद्यावर. आणि कालिदास महाभारताच्या. आदिपर्वातल्या शकुंतलेच्या गोष्टीत अंगठीही नाही आणि दुर्वासाचा शापही नाही. राजा सरळ नाकारतो. अंगठी आणि शाप आणून कालिदासाने एका नाकारणाऱ्या पुरुषाची गोष्ट विसरण्याची आणि आठवण्याची गोष्ट केली. ते योग्य केलं का, ह्यावर भांडायला मला आवडेल. पण ते भांडण शक्य आहे, कारण मूळ आपल्यासमोर उघडं आहे.

ह्या संगीत नाटकांतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते आणि तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. त्यांची जुनी छापील पुस्तकं उघडून पाहा. प्रत्येक पदाच्या डोक्यावर राग असतो, ताल असतो, आणि त्याच्याशेजारी लिहिलेलं असतं: ‘चाल’, आणि पुढे ज्या गाण्यावरून ती चाल घेतली त्याचे पहिले शब्द. कुठे ख्यालाची बंदिश, कुठे ठुमरी, कुठे लावणी, कुठे कानडी पद. गोविंदराव टेंब्यांनी 1911 मध्ये ‘मानापमान’ला आणि भास्करबुवा बखल्यांनी 1916 मध्ये ‘स्वयंवर’ला चाली दिल्या, तेव्हा त्यांनी आपल्या पोतडीतल्या चिजा मोकळ्या हाताने वापरल्या. जाणकार श्रोत्याला मूळ चीज ओळखू यायची आणि त्यात त्याला दुहेरी आनंद मिळायचा. बालगंधर्वांचं पद कुणाला उष्टं वाटलं नाही. एवढीशी ती ‘चाल’ची ओळ, लहान टायपात छापलेली, पण तिच्यात एक संपूर्ण नीती आहे.

गवई मंडळींकडे तर ही नीती अंगातच भिनलेली असते. शिष्य वर्षानुवर्षं गुरूची तान जशीच्या तशी घोटतो. तिथे नक्कल ही तालीम असते. पुढे मैफलीत ती तान आली की तो कानाच्या पाळीला हात लावून बुवांचं, खाँसाहेबांचं नाव घेतो. त्या एका हालचालीने सगळा हिशेब चुकता होतो आणि पुढची तान गायला तो मोकळा होतो. तरुण कवी ग्रेस किंवा मर्ढेकर वाचून काही काळ अगदी त्यांच्यासारखंच लिहितात, त्याला चोरी म्हणणाऱ्यांशी मी नेहमी भांडत आले आहे. ती तालीम आहे. त्यातून जायलाच हवं. प्रश्न येतो तो तालमीतलं पान स्वतःच्या नावाने छापायला पाठवताना.

आता दुसरी बाजू. 1728 मध्ये लंडनला जॉन गे ह्यांचं ‘बेगर्स ऑपेरा’ आलं. बरोबर दोनशे वर्षांनी, 1928 मध्ये, बर्लिनला बर्टोल्ट ब्रेख्तने त्यावरून ‘थ्री पेनी ऑपेरा’ केलं. गे ह्यांचं नाटक त्याच्यासाठी जर्मनमध्ये आणलं एलिझाबेथ हाउप्टमन हिने. आणि 1978 मध्ये पु. ल. देशपांड्यांनी ते ‘तीन पैशाचा तमाशा’ म्हणून मराठीत आणलं. लंडनचे चोर-भिकारी बर्लिनमार्गे आपल्या तमाशाच्या बोर्डावर आले. हा प्रवास मला मनापासून आवडतो. पण मधल्या मुक्कामावर एक गोष्ट घडली. ब्रेख्तने नाटकातल्या गाण्यांत फ्रांस्वा व्हियों ह्या पंधराव्या शतकातल्या फ्रेंच कवीच्या ओळी घेतल्या होत्या, आणि त्या थेट के. एल. आमर ह्या भाषांतरकाराच्या जर्मन भाषांतरातून उचलल्या होत्या. छापताना व्हियोंचं नाव आलं, आमरचं नाही. 1929 मध्ये आल्फ्रेड केर ह्या समीक्षकाने ते उघड केलं. ब्रेख्तने उत्तर दिलं की बौद्धिक मालमत्तेच्या बाबतीत मी तत्त्वतःच ढिला आहे.

ब्रेख्त माझा आवडता नाटककार आहे. तरीही हे उत्तर मला पटत नाही. गे ह्यांना मरून जमाना झाला होता आणि त्यांचं नाव सगळ्यांना माहीत होतं. व्हियों तर चारशे वर्षं जुना. ज्याचं नाव वगळलं तो होता ह्या सगळ्यांतला सगळ्यात कमी मानाचा, भाषांतरकार. पुढे आमरचं व्हियों-भाषांतर नव्याने निघालं तेव्हा ब्रेख्तने त्यासाठी एक सुनीत लिहून दिलं, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. पण मला त्यातून एक खूण सापडली: ढिलेपणा बहुतेक वेळा खालच्या दिशेने वाहतो. मोठ्याकडून घेतलं तर आपण नाव सांगतो, सांगण्यात आपलीच शोभा असते. लहानाकडून घेतलं की विसरतो.

आणि हे हजार वर्षांपूर्वी एका बाईने सांगून ठेवलंय!

राजशेखर हा दहाव्या शतकाच्या आसपासचा संस्कृत-प्राकृत नाटककार. कनौजच्या प्रतिहार राजांच्या दरबारी होता, पण घराणं आपल्याकडचं. त्याच्या पणजोबांना, अकालजलदांना, तो ‘महाराष्ट्रचूडामणि’ म्हणतो. त्याच्या ‘काव्यमीमांसा’ ह्या ग्रंथात दुसऱ्याचे शब्द आणि दुसऱ्याचा अर्थ घेण्यावर अध्यायच्या अध्याय आहेत. हा ग्रंथ 1916 मध्ये बडोद्याला छापून निघाला, गायकवाड प्राच्यमालेचं पहिलं पुस्तक म्हणून. राजशेखराच्या आधी काश्मीरच्या आनंदवर्धनाने दोन कवींच्या साम्याचे तीन प्रकार सांगितले होते: आरशातल्या प्रतिबिंबासारखं, चित्रासारखं, आणि दोन माणसं दिसायला सारखी असतात तसं. पहिल्याला स्वतःचा आत्मा नाही, दुसऱ्याचा आत्मा तुच्छ, तिसऱ्याला मात्र स्वतःचा जीव आहे, म्हणून कवीने त्या साम्याला भिऊ नये. राजशेखराने ह्यात चौथा घातला, परपुरप्रवेश: मूळ तेच, पण देह पूर्ण निराळा. हार खोटा निघण्याची गोष्ट आणि न फिटणारी उचल ह्यांच्यातलं नातं मोजायला ही जुनी मापं मला आजही पुरतात.

तर ह्या ग्रंथात आधी कुणीतरी आक्षेप घेतं की हे शिकवण्यासारखंच नाही. इतर चोऱ्या काळाच्या ओघात विरून जातात, पण ‘अपि पुत्रेषु पौत्रेषु वाक्चौर्यं च न शीर्यति’, वाणीची चोरी मुला-नातवंडांपर्यंत पुरते. त्यावर अवंतिसुंदरीचं मत येतं. अवंतिसुंदरी म्हणजे राजशेखराची बायको, चौहान कुळातली, स्वतः विदुषी. ती कवी कुठल्या कुठल्या कारणांनी दुसऱ्याचं घेतो त्यांची यादी देते. तो अप्रसिद्ध, मी प्रसिद्ध. त्याला प्रतिष्ठा नाही, मला आहे. त्याची वाणी गुळवेलीसारखी कडू, माझी द्राक्षासारखी. त्याच्या भाषेला मान नाही, माझ्या भाषेला आहे. हे माहीत असणारे आता हयात नाहीत. ह्याचा कर्ता परदेशी आहे. मूळ ग्रंथच आता उरलेला नाही.

अभ्यासक म्हणतात, ती ह्या कारणांनी घ्यायला मुभा देते आहे. असेल. मी ती यादी वाचते तेव्हा मला संपादकाच्या टेबलावर ऐकलेली सगळी समर्थनं ओळीने ऐकू येतात. परदेशी लेखक आहे, त्याला कुठे कळणार. ते पुस्तक आता मिळतच नाही. मूळ बोलीतलं होतं, मी प्रमाण मराठीत नीट केलं. यादीतलं एकही कारण कवितेबद्दल नाही. सगळी ताकदीबद्दल आहेत. घेणारा मोठा, ज्याच्याकडून घेतलं तो लहान, दूर किंवा मेलेला.

आणि स्वतः राजशेखर तर सांगून टाकतो: ‘नास्त्यचौरः कविजनो नास्त्यचौरो वणिग्जनः’. चोर नाही असा कवी नाही, चोर नाही असा व्यापारी नाही. ज्याला लपवता येतं तो निंदा न होता सुखाने राहतो. पहिला अर्धा भाग मला मान्य आहे. दुसऱ्या अर्ध्याशी माझं हाडवैर आहे. राजशेखराची सूक्ष्म वर्गवारी मी घेते, त्याचं हे लपवण्याचं कौतुक मात्र घेत नाही. त्या बाबतीत मला देहूचा हमाल अधिक मोठा वाटतो.

कायद्याने काय म्हटलंय तेही थोडक्यात सांगते, कारण लेखकांच्या मनात त्याबद्दल फार गोंधळ असतो. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयात एका नाटककाराचा एका हिंदी चित्रपटाविरुद्धचा दावा निकाली निघाला. नाटक आणि चित्रपट दोन्हींचा विषय प्रांतवाद. न्यायालयाने सांगितलं की कल्पना, विषय, कथाबीज ह्यांवर कुणाची मालकी नसते, मालकी असते ती मांडणीवर आणि अभिव्यक्तीवर. नाटककार हरला. हे तत्त्व योग्य आहे, नाहीतर देवलच काय, कुणीच लिहू शकणार नाही. 1957 च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात कलम 57 आहे, ते मला अधिक जिव्हाळ्याचं वाटतं. लेखकाने आपले सगळे हक्क विकले तरी ‘हे मी लिहिलं’ असं म्हणण्याचा आणि कृतीची मोडतोड होऊन आपली अप्रतिष्ठा होत असेल तर आक्षेप घेण्याचा अधिकार त्याच्याकडेच राहतो. तुकोबांच्या दोन्ही तक्रारी, ‘एकाचें आपुलें’ आणि ‘मोडूनि’, त्या एका कलमात बसतात.

विद्यापीठांत मात्र टक्केवारी आली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही, चाळीसपर्यंत असेल तर प्रबंध दुरुस्त करून द्यायचा, साठपर्यंत असेल तर वर्षभर थांबायचं, त्याच्या वर गेलं तर नोंदणी रद्द. प्रबंधांच्या ढिगापुढे काहीतरी मोजमाप लागणार हे समजतं. पण ह्यातून एक वाईट सवय लागली आहे. मुलं परिच्छेद घेऊन त्यातले शब्द फिरवत बसतात, आकडा खाली येईपर्यंत. म्हणजे नेमकं सालोमालोचं काम, वचन मोडायचं. आणि इंग्रजी लेखाचं ओळीने मराठी केलं तर ते बिचाऱ्या यंत्राला बहुधा दिसतही नाही. उलट जो विद्यार्थी अवतरणचिन्हं देऊन, नाव सांगून दोन पानं उद्धृत करतो, तो माझ्या लेखी स्वच्छ असतो.

त्या शिक्षिकेने काही दिवसांनी कथा पुन्हा पाठवली. शीर्षकाखाली ‘मोपासाँच्या एका कथेवरून’ ही ओळ होती. आणि शेवट बदलला होता. खोट्या हाराचं रहस्य तिने पहिल्याच पानावर फोडून टाकलं होतं. वाचकाला ते आधीपासून माहीत, त्या नवरा-बायकोला नाही. हंगामामागून हंगाम जातात, आणि कथा मुकादमाच्या वहीतल्या नव्या उचलीपाशी संपते. ऋण सांगितल्यावर तिला ती कलाटणी जपून ठेवायची गरजच उरली नव्हती. अंकातली ती सगळ्यात चांगली कथा होती असं मी आजही म्हणेन.

मला आता सगळ्यात जास्त काळजी वाटते ती ‘पारंपरिक’ ह्या शिक्क्याची. चित्रपटांत, अल्बमांत, एकांकिकांच्या पत्रकांत कुठलंही लोकगीत घेतलं की गीतकाराच्या जागी हा शब्द छापला की झालं. अवंतिसुंदरीची सगळी कारणं एकाच शब्दात. कर्ता माहीत नाही, जाणणारे हयात नाहीत, भाषेला मान नाही. पण ते गाणं कुणाच्यातरी तोंडून ऐकलेलं असतं ना? त्या तोंडाला नाव असतं, गाव असतं. बहिणाबाई चौधरींच्या ओव्या त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, लिहून ठेवल्या आणि बहिणाबाई गेल्यानंतर 1952 मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं, म्हणून त्या बहिणाबाईंच्या. ती वही झाली नसती तर त्याच ओळी खानदेशातल्या लग्नांत, शेतांत फिरत राहिल्या असत्या आणि एखाद्या सीडीवर ‘पारंपरिक’ म्हणून आल्या असत्या.

हेमा राइरकर आणि गी पॉइतेवाँ ह्यांनी पुण्याहून काम करत खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या जमवल्या. लाखाच्या वर ओव्या आहेत त्या संग्रहात, आणि ओवीबरोबर गाणारीचं नाव आहे, गाव आहे. ओवी कुणा एकीची नसते हे त्यांना माहीत नव्हतं का? होतं. तरीही त्यांनी नाव लिहिलं, कारण त्या दिवशी, त्या जात्यावर ती त्या बाईच्या गळ्यातून आली होती. मला हे काम फार थोर वाटतं.

मध्यंतरी कॉलेजच्या मुलांच्या एका एकांकिकेचं पत्रक छापायला जायच्या आधी माझ्याकडे नजर टाकायला आलं. एकांकिकेत एक ओवी होती, फार सुंदर. पत्रकात लिहिलं होतं, ‘गीत: पारंपरिक’. मी दिग्दर्शक मुलाला विचारलं, कुठे मिळाली?

“आत्या म्हणते घरी.”

“मग आत्याचं नाव घाल.”

“पण तिने नाही लिहिली, मॅडम. ती म्हणते, तिची नाही.”

“तिलाच विचार ना, काय छापू म्हणून.”

त्याने तिथूनच फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. आत्याबाईंना आधी हसूच आलं, ओवीला कसलं नाव घालता म्हणाल्या. मग जरा विचार केला असावा. म्हणाल्या, “पहिली ओळ आमच्या सासूबाईंची हाय, त्या दळताना म्हणायच्या. दुसरी म्या जोडली, माझा थोरला शाळेला गेला तवा. छापायचंच आसंल तर तसं छापा, दोघींचं.”

पत्रकात दोन नावं आणि दोन गावं गेली. माहेरचं लिहायचं की सासरचं, ह्यावर मुलांची बराच वेळ चर्चा चालली होती.